पायसांची प्रवाहिता : प्रथिने व पृष्ठक्रियाकारके

एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांपैकी एक दुसऱ्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने विखुरला की पायस किंवा इमल्शन बनते, उदा., दूध, मेयोनेज. थेंबांचे प्रमाण वाढते तशी पायसाची श्यानता वाढते. विरल पायसाच्या श्यानतेचे सूत्र जी. आय. टेलर यांनी १९३२ मध्ये मांडले. मात्र श्यानता थेंबांमधील आकर्षण व प्रतिकर्षण यांवरही अवलंबून असते आणि ते ठरते थेंबांच्या पृष्ठभागावरील पटलावरून.

प्रथिने : दुधातील निवळीची प्रथिने थेंबांभोवती जाड, लवचीक पटल तयार करतात. त्यांवरील विद्युत् भारामुळे थेंब परस्परांपासून दूर राहतात व पायस सहज वाहते. मात्र पीएच ४.६ च्या आसपास दुधातीलच कॅसिन या प्रथिनाचा निव्वळ भार शून्य होतो. त्यामुळे कॅसिनवेष्टित थेंबांचे पुंजके बनून पायस घट्ट होते. ढवळल्यास पुंजके सुटतात व श्यानता घटते.

पृष्ठक्रियाकारके : हे लहान रेणू पृष्ठताण अधिक कमी करतात. त्यामुळे थेंब बारीक होतात. अतिरिक्त प्रमाणात त्यांचे मायसेल (रेणूंचे सूक्ष्म समूह) बनून थेंब एकत्र ढकलले जातात.

दोन्ही एकत्र असल्यास पृष्ठक्रियाकारके प्रथिनांना पृष्ठभागावरून हटवतात. आइस्क्रीममध्ये मोनोग्लिसराइडे ही पृष्ठक्रियाकारके हेच कार्य करतात. त्यामुळे मेदकण अंशतः जुळून हवेचे बुडबुडे टिकवणारी जाळी तयार होते.