चिंचोक्याची खळ

देवगाव फाट्यावरून सेलूकडे निघा वा जिंतूरकडे, बांधावर चिंच दिसतेच. चिंच फोडली की गर बाजारात जातो आणि चिंचोका मागे उरतो, म्हणून आपण त्याला टाकाऊ धरत आलो. जुन्या विणकरांनी तसं कधी धरलं नाही. घोंगडीच्या लोकरी ताण्याला खळ लागते, आणि ती चिंचोक्याचीच. चिंचोके भाजून टरफल काढायचं, भिजवून वाटायचं, शिजवून ती खळ ताण्याला लावायची. लोकरीचे सुटे तंतू बसतात, धागा तुटत नाही, घोंगडीला ताठपणा येतो. दुष्काळात हेच चिंचोके भाजून लोकांनी पोटाला आधार दिला. बीमधल्या डिंकाची पारख घोंगडी विणणाऱ्या सनगरांच्या मागावर आधी झाली, गिरण्यांत नंतर, असं माझं ठाम मत आहे.

गिरण्यांना चिंचोका आठवला तो दुसऱ्या महायुद्धात. धान्याची टंचाई असताना मक्याचा स्टार्च सुताला चोपडणं परवडेना. १९४०च्या दशकात कापड आणि तागाच्या गिरण्यांत चिंचोक्याची पावडर खळीसाठी आली. त्याच काळात डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत घोष आणि कृष्णा यांनी दाखवलं की चिंचोक्यातला डिंक साखरेबरोबर जेलीसारखा घट्ट होतो. यावर कोणी म्हणेल, प्रयोगशाळेतलं संशोधन आणि सनगराची खळ यांचा काय संबंध? रेणूची रचना सनगराला ठाऊक नव्हती, हे खरंच. पण भाजणं, सोलणं, दळणं आणि गरम पाण्यात शिजवणं हा क्रम पावडरीच्या कारखान्यानेही सोडलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: गवारीचा डिंक थंड पाण्यातही फुगतो, मग चिंचोका कशाला? गवारीचं महत्त्व मला मान्यच आहे. महायुद्धात भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोबचा डिंक दुर्मिळ झाला, तेव्हा अमेरिकेने तिचाच आधार घेतला. पण तिच्या भावाचा भरवसा नाही. अमेरिकेतल्या तेल-वायू विहिरींच्या मागणीने भाव इतके भडकले की मार्च २०१२ मध्ये तिचे वायदे बंद करावे लागले. शिवाय आंबट, गोड पदार्थांत चिंचोक्याचा डिंक टिकून राहतो. जपानने तो सॉस आणि आइस्क्रीममध्ये कधीच रुळवला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने चिंचेचं वाण निवडताना गराबरोबर चिंचोक्यातला डिंकही मोजावा, आणि चिंच फुटते त्याच तालुक्यात तो दळला जावा.