गाडीला १५ वर्षे झाली? आरसीचे नूतनीकरण कसे करायचे, ते समजून घ्या

‘१५ वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते’ असे तुम्हीही ऐकले असेल. महाराष्ट्रातील खासगी गाडीच्या बाबतीत हे खरे नाही. १५ वर्षांनी संपते ती नोंदणीची मुदत, गाडीचे आयुष्य नव्हे. मात्र ही मुदत वाढवून न घेता गाडी चालवत राहिलात, तर ते चांगलेच महागात पडू शकते.

नियम काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर गाडी आरटीओच्या तपासणीत पास झाली, तर नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. ती ५ वर्षे संपली की पुन्हा हीच प्रक्रिया करायची.

मग भंगाराची चर्चा कुठून आली? दिल्ली आणि परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे बंधने आली. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही. या दोन्ही गोष्टी सरसकट सगळ्यांना लागू आहेत, असा समज पसरला.

टॅक्सी, टेम्पो अशा व्यावसायिक वाहनांचे नियम वेगळे आहेत. त्यांना पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते.

आधी तारीख पाहा

आरसीवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ते दिसते. गाडी सेकंड हँड घेतली असेल, तर १५ वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजतात, तुम्ही गाडी घेतल्यापासून नाही. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो.

काय काय तयार ठेवाल?

• मूळ आरसी
• चालू विमा
• वैध पीयूसी
• मालकाचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
• फॉर्म २५, म्हणजेच नूतनीकरणाचा अर्ज
• पर्यावरण कर भरल्याची पावती
• एचएसआरपी नंबर प्लेट (१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे)

कर्ज फिटले तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो, हे अनेकदा याच वेळी लक्षात येते. तसे असेल तर बँकेकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आधी बोजा उतरवून घ्या.

प्रक्रिया कशी असते?

परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज भरा, शुल्क व कर भरा आणि तपासणीसाठी दिलेल्या दिवशी गाडी घेऊन जा. केवळ कागदपत्रे पाठवून हे काम होत नाही, गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते.

तपासणीत चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवतात. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, सीट बेल्ट आणि टायर पाहतात. त्यामुळे आठवडाभर आधी ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घ्या. बंद पडलेला ब्रेक लाइट किंवा गुळगुळीत झालेले टायर यांमुळे चक्कर वाया जाऊ शकते. गंजामुळे चेसिस नंबर वाचता येत नसेल, तर तो साफ करून घ्या.

गाडीला नंतर सीएनजी किट बसवले असेल किंवा रंग बदलला असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणीही झालेली असू द्या.

एखादी त्रुटी निघाली, तर ती दुरुस्त करून गाडी पुन्हा दाखवता येते.

खर्च किती?

१ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आणि दुचाकीचे १,००० रुपये आहे. गाडी २० वर्षांहून जुनी असेल, तर ऑगस्ट २०२५ मधील बदलानुसार कारसाठी १०,००० आणि दुचाकीसाठी २,००० रुपये लागतात. पर्यावरण कर आणि स्मार्ट कार्डचे पैसे वेगळे.

उशीर झाला तर कारसाठी दरमहा ५०० रुपये आणि दुचाकीसाठी ३०० रुपये जादा भरावे लागतात. म्हणजे दोन वर्षे दुर्लक्ष केले, तर कारमालकावर १२,००० रुपयांचा वाढीव भार येतो.

खरा धोका विम्याचा

नोंदणी वैध नसताना गाडी चालवली, तर कायद्यात पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाड्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ आणि २०२१ मध्ये विमा कंपनीचा दावा नाकारण्याचा निर्णय योग्य ठरवला. हप्ता वेळेवर भरला आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

ठेवावी की काढावी?

मेकॅनिकने सांगितलेला दुरुस्तीखर्च, नूतनीकरणाचे शुल्क आणि कर यांची बेरीज करा. ती गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जात असेल, तर अधिकृत स्क्रॅप केंद्राचा विचार करा. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. आरसी रद्द झाल्याची खात्री मात्र करून घ्या, नाहीतर कागदोपत्री गाडी तुमच्याच नावावर राहील.