पंपातीरावरील देवनौका

देऊळ, नदी आणि गाव यांचे नाते आपल्या देशात फार जुने आहे. काठावरच्या मुलांनी पोहण्याचे व नाव वल्हविण्याचे पहिले धडे नदीतच घेतले. सांगलीकडे कृष्णेच्या पात्रात होणाऱ्या होड्यांच्या शर्यती अनेकांनी पाहिल्या असतील. हीच कला देवकार्याशी कशी जोडली गेली, हे जाणून घ्यावयाचे तर केरळातील आरन्मुळा क्षेत्राकडे पाहावे.

पंपा नदीच्या तीरावर आरन्मुळा येथे पार्थसारथीचे, म्हणजे अर्जुनाचे सारथ्य करणाऱ्या श्रीकृष्णाचे, प्राचीन मंदिर आहे. आख्यायिका अशी की, काट्टूर गावच्या मांगाट्टु घराण्यातील एका भट्टतिरीने ओणमच्या महाप्रसादाची सामग्री दरवर्षी नावेने देवळास पोहोचविण्याचा नेम धरला. एके वर्षी त्या नावेवर वाटेत हल्ला झाला. तेव्हा काठावरच्या गावकऱ्यांनी आपापल्या नावा पाण्यात लोटल्या आणि देवाची शिधासामग्री सुखरूप पोहोचविली. ती प्रसादाची नाव आजही ओणमला येते आणि त्यानंतर उत्तराभाद्रपदा नक्षत्रावर नौकोत्सव भरतो.

या नावांना ‘पल्लियोडम’ म्हणतात. आंजिली लाकडाची ही नाव सुमारे शंभर फूट लांब असून तिची वरही नागाच्या फण्यासारखी उंच उचललेली असते. ती कोणा एका धनिकाची नसते, सबंध गावाची असते. पंपेच्या दोन्ही काठांवर अशी पन्नासाहून अधिक गावे आहेत. नाव देवाची मानली जात असल्याने पादत्राणे घालून कोणी तीवर चढत नाही.

गावातील किशोरवयीन मुले वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून वल्हे धरावयास शिकतात. येथे एकट्याच्या बळाचा उपयोग नाही. एकाचे वल्हे मागेपुढे पडले तर शेजाऱ्याच्या वल्ह्यावर आपटते आणि नावेची गती मोडते. म्हणून गाणारे मध्यभागी उभे राहून ‘वंचिप्पाट्टु’ म्हणजे नौकागीत गातात, व त्या ठेक्यावर सर्व वल्ही एकदम पाण्यात पडतात. अठराव्या शतकात रामपुरत्तु वारियर यांनी सुदाम्याची कथा याच वृत्तात रचली. मागे उभे असलेले सुकाणूधारी लांब वल्ह्यांनी दिशा राखतात. पुढे भाविक या वल्हेकऱ्यांना ‘वल्लसद्या’ हे भोजन घालतात आणि वल्हेकरी एकेक पदार्थ गाण्यातूनच मागून घेतात.

पल्लियोडमवर परंपरेने पुरुषच बसतात. मात्र १९५२ साली पंडित नेहरूंच्या भेटीतून आळप्पुळ येथे जी शर्यत सुरू झाली, तीत आता स्त्रियांचीही पथके उतरतात.

आरन्मुळ्यावर संकटेही आली. ऑगस्ट २०१८ मध्ये पंपेचा महापूर गावात शिरला. २०२० व २०२१ साली महामारीमुळे मोजक्याच नावा पाण्यात उतरल्या. पण परंपरा खंडित झाली नाही. नाव सुतार दुरुस्त करू शकतो. वल्ह्याचा ठेका मात्र एका पिढीच्या हातातून दुसरीच्या हातातच जावा लागतो. मध्ये एक पिढी रिकामी गेली, तर लाकूड शाबूत असूनही नाव काठालाच राहावयाची.

देवळाचेही तसेच आहे. दगडी काम दात्यांच्या औदार्याने उभे राहते, पण त्यात प्राण राहतो तो गावच्या मुलांनी एकदिलाने हात लावल्यामुळेच. पंपाकाठच्या गावांनी हे ओळखले, म्हणून त्यांची देवनौका आजही पाण्यावर आहे.