खाणीवरची वीतभर माती

खाणींचा इतिहास लिहिणारे जमिनीखाली काय सापडले ते लिहितात. वर काय होते, ते बहुधा राहून जाते. आपल्या नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातल्या मँगनीजचेच घ्या. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले आणि पुढे इथला काळा दगड विलायतेच्या पोलादासाठी जहाजांतून जाऊ लागला. १९०९ साली फर्मर या भूशास्त्रज्ञाचा भारतातील मँगनीजवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याचा विषय धातुक होता. माती हा तेव्हा कुणाचाच विषय नव्हता.

उघडी खाण खणताना आधी माती निघते, मग मुरूम, मग दगड. जे आधी निघते ते आधी फेकले जाते. त्यामुळे ढिगाऱ्यात सगळे उलटे होऊन बसते: सुपीक थर तळाशी गाडला जातो आणि ज्यात काही उगवणार नाही तो खडक माथ्यावर येतो. लहानपणी रामटेकच्या यात्रेला जाताना मानसरजवळ हे काळपट ढिगारे दिसायचे. आम्हा मुलांना ते खरे डोंगरच वाटत. फक्त त्यांच्यावर पळस का नाही, हे कुणी सांगत नसे.

१९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची मॉईल, स्थापन झाली. मालक बदलले, ढिगारे तिथेच राहिले. वरची माती वेगळी काढावी, नंतर जमीन सावरायला वापरावी आणि लगेच वापरता येत नसेल तर स्वतंत्र साठवावी, असे देशाच्या नियमात स्पष्टपणे आले ते खनिज संवर्धन व विकास नियमावलीत, १९८८ साली, नियम ३२. अमेरिकेने असा कायदा १९७७ मध्ये केला होता. नियम चांगलाच होता, पण जुन्या ढिगाऱ्यांना त्याचा काय उपयोग? तिथली माती केव्हाच गाडली गेली होती.

म्हणून नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेचे गुमगावचे काम मला महत्त्वाचे वाटते. सावनेर तालुक्यातल्या या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर शास्त्रज्ञांना माती जवळजवळ नव्याने घडवावी लागली. ढिगाऱ्यात सेंद्रिय अंश नाही, नत्र नाही, पाणी ठरत नाही, वर मँगनीजचा जाच. त्यांनी साखर कारखान्यातले प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणारा गाळ, त्यात मिसळले. रोपांच्या मुळांशी रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर हे नत्र देणारे जिवाणू दिले, शिवाय मुळांना स्फुरद आणि पाणी पुरवणारी मायकोरायझा बुरशी. मग साग, शिसू, शिवण अशी झाडे धरली. हीच पद्धत पुढे चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवरही वापरली गेली. एरवी जे सगळे वीतभर मातीत आयते असते, ते इथे ट्रकमधून आणि प्रयोगशाळेतून आणावे लागले.

आता कुणी म्हणेल, मग माती काढून ठेवली की झाले. तसे नाही. माती म्हणजे काही सिमेंटची पोती नव्हेत. उंच ढीग रचला की आत हवा पोचत नाही. गांडुळे मरतात, बुरशी जाते, गवताचे बी कुजते. दहा वर्षांनी तो ढीग पसरला तर रंग मातीचा, पण अंगात जीव नाही. म्हणून ढीग बुटका ठेवायचा, त्यावर ताग किंवा धैंचा पेरायचा. त्याहून बरे म्हणजे इकडे काढलेली माती खाणीच्या काम संपलेल्या बाजूला लगेच पसरणे. आणि हे पावसाळ्याआधी! ओल्या काळ्या मातीवरून डंपर गेले की ती विटेसारखी दबते. मग मूळ आत शिरत नाही.

खाणींच्या अहवालांत लावलेल्या रोपांचा आकडा ठळक असतो. लाखाच्या घरातले आकडे वाचून बरे वाटते, नाही असे नाही. पण रोप दोन-चार वर्षे टँकरच्या पाण्यावरही उभे राहते. कुठलीही खाण पाहायला गेलो की मी आधी मातीचा ढीग कुठे आहे ते विचारतो. तो किती उंच आहे, किती वर्षांपासून पडून आहे आणि त्यावर गवत आहे का, हे मग पाहतो. कधी कधी तो ढीग दाखवायला सोबतच्या माणसाला बरीच शोधाशोध करावी लागते.