पटाशीचे पोलाद आणि महाबळेश्वरचे धावड

सातारा जिल्ह्यातील जुन्या वास्तूंविषयी लिहिताना मेणवलीच्या वाड्यातील खांब, वाईच्या घरांतील तुळया, चौकटी व कडीपाट यांचे वर्णन अभ्यासक मोठ्या आस्थेने करतात. वाडा कोणी बांधविला, त्यास खर्चाची तरतूद कोठून झाली, नक्षीवर कोणत्या शैलीचा संस्कार आहे, इत्यादी प्रश्नांची चर्चा होते आणि ती योग्यच आहे. परंतु हे सारे काम ज्या हत्याराने झाले त्याचे लोखंड कोठून आले, त्यास धार कोणी दिली आणि ती टिकत कशी होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. सुतार स्वतः मात्र नेमका याच प्रश्नापासून आरंभ करतो. पटाशी हाती घेतली की तो प्रथम तिचे पाते पाहतो, मूठ नंतर. त्याच्या या सवयीत सह्याद्रीच्या माथ्यावरील एका लोपलेल्या धंद्याचा इतिहास दडलेला आहे.

पटाशी हे दिसावयास अत्यंत साधे हत्यार होय. एक चपटे पाते, त्याच्या एका टोकास एकाच बाजूने दिलेला उतार, दुसऱ्या टोकास लाकडी मूठ आणि मूठ फाटू नये म्हणून तिच्यावर बसविलेले लोखंडी कडे. परंतु या साध्या हत्याराकडून परस्परविरोधी अशा दोन अपेक्षा केल्या जातात. कुसू बसविण्याकरिता चौकोनी भोक पाडताना मोगरीचे घाव त्यास सोसावे लागतात. म्हणजे पाते चिवट असावयास हवे, ठिसूळ असता कामा नये. उलट सांध्याची कड हाताच्या दाबाने तासताना त्याची धार वस्तऱ्यासारखी लागते. म्हणजे टोक कठीण असावयास हवे. चिवटपणा आणि कठीणपणा हे गुण एकाच धातूत सहजासहजी एकत्र नांदत नाहीत. लोखंडात कर्बाचे प्रमाण अगदी अल्प असेल तर ते वाकते, पण तुटत नाही. मात्र त्यास कितीही पाणी दिले तरी ते कठीण होत नाही. कर्ब वाढला की पोलाद होते, ते पाणी दिल्यावर कठीण होते आणि त्याबरोबर ठिसूळही. जुन्या कारागिरांनी यावर काढलेला तोड असा, की अंग नरम लोखंडाचे घडवावयाचे आणि टोकाशी पोलादाची लहानशी पट्टी तापवून, ठोकून एकजीव करावयाची. जपानी सुतारांच्या पटाशीत हीच रीत आजही आढळते. इंग्लंडमधील जुन्या पटाश्यांतही ती होती. पोलाद महाग आणि लोखंड स्वस्त, हे जेथे जेथे होते तेथे तेथे लोहार याच उपायापर्यंत पोहोचला.

महाराष्ट्रात लोखंडी पटाशी ही फार जुनी वस्तू आहे. विदर्भातील महापाषाणयुगीन शिळावर्तुळांच्या उत्खननांत कुऱ्हाडी, खिळे यांच्याबरोबर लोखंडी छिन्न्या व पटाश्याही मिळाल्या. आणि नागपूरजवळील नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली. पश्चिमेकडे घाटमाथ्यावर कच्चा माल निराळ्या स्वरूपात होता. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फूट उंचीवर असून त्याच्या बेसॉल्ट खडकावर जांभ्याचे जाड आवरण आहे. शतकानुशतकांच्या अतिवृष्टीने खडकातील विद्राव्य द्रव्ये धुऊन गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. जांभ्याचा तांबडा रंग या लोहाचाच होय. त्यातील लोहयुक्त भाग वेचून, कोळशाच्या भट्टीत गाळून लोखंड काढणारा जो समाज या डोंगरात राहत असे तो म्हणजे धावड. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये महाबळेश्वरच्या डोंगरांत लोखंड विपुल असल्याची आणि ते मुसलमान धावड पूर्वी गाळीत असल्याची नोंद आहे. या नोंदीतील ‘पूर्वी’ हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावा.

धावडांची रीत ही खनिजातून थेट घडीव लोखंड काढण्याची होती. मातीची भट्टी, तीत खनिज व लाकडी कोळसा यांचे थर, आणि कातडी भात्यांनी दिलेला वारा. भट्टीतील उष्णता लोखंड वितळण्याइतकी चढत नसे. मळी मात्र वितळून वाहून जाई आणि तळाशी सच्छिद्र, मऊसर गोळा उरे. तो गोळा तापवून घणाखाली पुनःपुन्हा ठोकला, की उरलेली मळी बाहेर पडून लोखंड घट्ट होई. या गोळ्याचे सर्व भाग सारखे नसत. कोळशाशी अधिक काळ संपर्क आलेल्या भागात कर्ब जास्त मुरे आणि तो भाग पोलादाच्या जवळ जाई. इतर भाग नरम राही. अशा मिश्र गोळ्यातून फाळाचे लोखंड कोणते आणि धारेचे कोणते, हे लोहाराने हातानेच ओळखावयाचे असे. ऐरणीवर ठोकताना येणारा नाद, तुटलेल्या कडेचा पोत आणि ठिणगीचे रूप हीच त्याची परीक्षणसाधने. कर्बाचे प्रमाण हा शब्द त्याच्या भाषेत नव्हता, पण त्याचे ज्ञान होते.

यानंतरचे काम पाणी देण्याचे. पाते लाल तापवून पाण्यात बुडविले की टोक काचेसारखे कठीण होते. तसेच वापरले तर पहिल्याच घावाला त्याचे तुकडे पडतील. म्हणून टोक घासून चकचकीत करावयाचे आणि पुन्हा हळूहळू तापवून त्यावर चढणारा रंग पाहावयाचा. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग सुमारे २३० अंश सेल्सियसला येतो. तेथे थांबले तर पटाशीस योग्य अशी धार मिळते. निळा रंग चढेपर्यंत वाट पाहिली तर ते पाते कमानीच्या उपयोगाचे, लाकूड कापण्याच्या नव्हे. खेड्यातील लोहाराची कीर्ती बहुधा या काही क्षणांच्या अंदाजावरच अवलंबून असे.

बलुतेपद्धतीचे वर्णन करणाऱ्या ग्रंथांत, त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या मौलिक ग्रंथातही, सुतार आणि लोहार हे गावाचे स्वतंत्र सेवक म्हणून येतात. परंतु हत्याराच्या दृष्टीने पाहिल्यास ते एकाच साखळीचे दुवे आहेत आणि त्या साखळीचा आरंभ गावाबाहेर, रानात, धावडाच्या भट्टीपाशी होतो. धावड बलुतेदार नव्हता. म्हणून ग्रामव्यवस्थेच्या वर्णनांत त्यास जागा मिळाली नाही. बलुत्याच्या यादीवरून ग्रामीण अर्थव्यवस्थेचे चित्र रेखाटण्याची जी सवय अभ्यासकांस जडली आहे, तिच्यातील ही एक मोठी उणीव मानावयास हवी.

हत्याराची निवड आणि वापर यांच्याकडे वळले म्हणजे ही साखळी अधिक स्पष्ट होते. जाणता सुतार पटाशी घेताना तिची पाठ, म्हणजे उतार नसलेली बाजू, सपाट आहे की नाही हे आधी पाहतो. पाठ फुगलेली असेल तर कितीही घासली तरी धार सरळ येत नाही. जोडाच्या पटाशीत पोलादाची सीमा पात्याच्या कडेवर बारीक रेषेसारखी दिसते. ती रेषा अखंड असेल तर जोड पक्का समजावयाचा. मध्ये काळे ठिपके असतील तर ठोकताना मळी आत राहिली असे समजावयाचे. रुंदी सुतांत मोजतात. आठ सुतांचा इंच. भोके पाडण्यास अरुंद पण जाड अंगाची पटाशी घ्यावी, कारण तिला केवळ कापावयाचे नसते तर आतील कपचे उचटून बाहेरही काढावयाचे असतात. तासण्यास पातळ व रुंद. धारेचा उतार मोगरीखालच्या पटाशीस तीस अंशांच्या आसपास ठेवावा, नुसत्या हाताने चालवावयाच्या पटाशीस पंचवीस पुरतो. घाव लाकडी मोगरीचा असावा, लोखंडी हातोड्याचा नसावा. आणि कोणत्याही प्रसंगी दोन्ही हात धारेच्या मागे असावेत. सागवानावर काम करताना दर थोड्या वेळाने पाते निसण्यावर घासावे लागते, कारण सागाच्या लाकडात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात आणि ते चांगल्या पोलादाचीही धार बोथट करतात. मेणवलीचा वाडा नाना फडणिसांनी १७८० च्या सुमारास बांधविला. तेथील सागवानी कामाकडे पाहताना त्यामागील निसण्यावरचे श्रमही मोजावयास हवेत.

याच डोंगरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक नवी वसाहत उभी राहिली. १८२४ साली जनरल लॉडविक या पठारावर चढून गेला. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ नंतर येथे आरोग्यस्थान वसविण्याचा उद्योग केला आणि १८२९ साली सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा वाईजवळील खंडाळे गावाच्या मोबदल्यात इंग्रजांकडे आली. माल्कमपेठेत बंगले उठू लागले. बंगला म्हणजे सुतारास नवी मागणी: काचेच्या तावदानांच्या खिडक्या, झडपा, कपाटे, खणांची मेजे. पावसाळ्यात येथे हवा इतकी दमट असते की लाकूड फुगते व उन्हाळ्यात आकसते. गवताच्या तट्ट्यांनी भिंती झाकून घरे पावसापासून वाचवावी लागत, तेथे सांध्यातील केसभर चूकही कपाटाचे दार अडकविण्यास पुरेशी ठरे. बारीक सांध्याच्या कामास सारख्या गुणाची, सारख्या रुंदीची पटाशी लागते. ती शेफिल्डहून येऊ लागली होती.

बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात शेफिल्ड येथे मुशीत पोलाद वितळविण्याची रीत प्रचारात आणली होती, आणि त्यामुळे पात्याच्या सर्व भागांत कर्ब सारखा राहू लागला. येथे एक उपहासात्मक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. मुशीतील पोलादाची कला दक्षिण भारतास फार पूर्वीपासून अवगत होती. मुंबईतील वैद्य हेलेनस स्कॉट याने या ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने १७९४ साली रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस पाठविले. पुढील वर्षी जॉर्ज पिअर्सन याने त्यावर निबंध वाचला. हत्यारे घडविणारा जेम्स स्टोडार्ट आणि तरुण मायकेल फॅरडे यांनी १८१८ नंतरच्या काही वर्षांत त्यावर प्रयोग केले. ज्या देशाच्या पोलादाचा लंडनमध्ये असा अभ्यास चालला होता त्याच देशात, त्याच काळात, लहान भट्ट्या एकामागून एक थंड होत होत्या.

महाबळेश्वरच्या भट्ट्या का विझल्या, याचे उत्तर ‘परदेशी मालाची स्पर्धा’ या एका शब्दप्रयोगात देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. लोखंडापेक्षा कोळसा हा या धंद्याचा खरा कच्चा माल होता. थोड्या लोखंडास त्याच्या कित्येक पट कोळसा लागे आणि तो पठारावरील अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या रानातून येई. अंजनीचे लाकूड असे कठीण की इंग्रजीत त्या झाडास लोखंडी लाकडाचेच नाव मिळाले आहे. आरोग्यस्थान झाल्यावर तेच रान सावली, शोभा आणि झऱ्यांचे रक्षण यांकरिता राखण्याजोगे ठरले. पुढे १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलावरील सरकारचा अधिकार दृढ केला. इंधन दुर्मीळ व महाग झाले. भोर घाटातून लोहमार्ग १८६३ पर्यंत पूर्ण झाला आणि १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, तेव्हा बेसेमरच्या पद्धतीने काढलेले स्वस्त पोलाद दख्खनच्या बाजारपेठांत पोहोचण्यास अडथळा उरला नाही. ज्या वसाहतीने बारीक सुतारकामास गिऱ्हाईक दिले, तिनेच त्या कामाच्या लोखंडाचे इंधन बंद केले. वनरक्षणाचा हेतू अनुचित होता असे म्हणता येणार नाही. पण त्याची किंमत कोणी भरली, हे सांगितल्याविना त्या धोरणाचा इतिहास पुरा होत नाही. धावडांच्या वाट्याला मजुरी आली.

साखळीतील इतर दुव्यांनी निराळे मार्ग काढले. लोहाराने घासून गुळगुळीत झालेल्या विलायती कानशी तापवून, ठोकून त्यांच्या पटाश्या केल्या. मोटारी आल्यावर त्यांच्या कमानपट्ट्यांचा उपयोग झाला. धारेचे व्यवसायी असलेले शिकलगार तलवारींचा काळ सरल्यावर अधिक दूर गेले. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार व त्यांचे आप्त तंतुवाद्ये करू लागले. शस्त्रास धार लावणारा हात तुणाच्या लाकडात गोल पटाशी चालवू लागला, भोपळ्यास गळा जोडू लागला. आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. कृष्णाकाठीच, औंध संस्थानात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना हलविला आणि लोखंडी नांगरांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर केले. त्या नांगराने सुताराचे लाकडी नांगराचे बलुते हळूहळू कमी केले. लोखंड जिल्ह्यात परत आले, परंतु ते ओतीव होते, कारखान्याचे होते, आणि त्यात धावडास स्थान नव्हते.

अशा समाजाच्या इतिहासाची साधने दप्तरांपेक्षा वस्तूंत अधिक सापडतात. लोखंड गाळल्यावर उरणारी मळी कुजत नाही, गंजून नाहीशीही होत नाही. भट्टीच्या जागी ती शतकानुशतके पडून राहते. जुन्या पटाशीचा छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तिचे अंग भट्टीच्या गोळ्याचे आहे की कारखान्याच्या सळईचे, हे मळीच्या लांबट तंतूंवरून ओळखता येते; आणि टोकाशी असलेला पोलादाचा जोड विलायती कानशीचा आहे की नाही, हेही त्यातील घटकद्रव्यांवरून ठरविता येते. वाई, मेढा, पाचगणी या भागांतील सुतारांच्या घरी आजोबांच्या पेटीत पडून असलेल्या, निसून निसून बोटभर उरलेल्या पटाश्या या दृष्टीने गोळा करावयास हव्यात. त्या भंगाराच्या भावाने विकल्या जातात.