बापाचे नाव आणि कुमारीचा पुत्र



नाताळ जवळ आला की आमच्या राजूरला पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर एक वाद हमखास निघतो. कुणी म्हणतो, "बिनबापाचं लेकरू देव कसं झालं बा?" दुसरा त्याला कर्णाची आठवण देतो. एखादा मुसलमान भाऊ असला तर तो सांगतो की, इसा बापाशिवाय जन्मले हे आम्हीही मानतो, कुराणात मरियमच्या नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. मात्र आम्ही त्यांना देवाचा पुत्र म्हणत नाही. मग भोंगा होतो आणि वाद तिथेच राहतो. मी ख्रिस्ती नाही, पंडितही नाही. शाळा लवकर सुटली, पुढचे आयुष्य खाणीतल्या आणि चुनाभट्टीवरच्या माणसांत गेले. जे थोडे वाचले ते रात्री, वाचनालयातून पुस्तके आणून. पण हा वाद टपरीवर सोडून देण्याइतका हलका नाही, असे मला वाटत आले आहे. ते का, हे पुढे येईलच.

ह्या प्रश्नाचे उत्तर मराठीत फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले. ते देणारा माणूस इंग्रज. फादर थॉमस स्टीफन्स हे 1579 साली गोव्यात आले आणि 1619 मध्ये तिथेच वारले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, मधूनमधून कोकणीची झाक, आणि अक्षरे मात्र रोमन. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. पुढे 1907 साली मंगळूरला सालढाणा ह्यांनी ते पुन्हा छापले, आणि 1956 साली शांताराम बंडेलू ह्यांनी ते देवनागरीत आणले, म्हणून आमच्यासारख्यांच्या हाती पडले.

पुराण गोड आहे, पण ते ज्या भूमीवर उगवले ती भूमी रक्ताने भिजलेली होती, हे विसरून चालणार नाही. गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली देवळे 1567 च्या सुमारास पोर्तुगीजांनी पाडली. 1583 साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्याचा सूड म्हणून गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. बोलणी करायला बोलावून घात करणे, हा प्रकार मालक लोकांनी पुढे काढला असे आम्ही समजत होतो. तो बराच जुना दिसतो. ज्यांचे देव गेले, पोथ्या गेल्या, अशा लोकांपैकीच एक जण ह्या ग्रंथाच्या आरंभी पाद्रीबाबांना विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे का देत नाही? त्या प्रश्नातूनच हे पुराण सुरू होते. ते रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये वाचले जात असे.

आता स्टीफन्ससाहेबांची अडचण ध्यानात घ्या. समोर बसलेल्या श्रोत्यांना देवाच्या कृपेने झालेली मुले नवीन नव्हती. कुंतीला मंत्र मिळाला, सूर्य आला, कर्ण झाला. आणि लोकलाजेस्तव त्या पोराला पेटीत घालून नदीत सोडावे लागले. मरियेची गोष्ट ह्याच जातीची, असे श्रोत्याला वाटणे अगदी साहजिक. पण ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे वेगळे आहे. इथे कोणी देव पुरुषरूपाने येत नाही. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत येतो, निरोप सांगतो, आणि पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने गर्भ राहील असे म्हणतो. 'आत्मा' ह्या अर्थाचा हिब्रू शब्द व्याकरणाने बहुधा स्त्रीलिंगी आहे आणि ग्रीक शब्द नपुंसकलिंगी. म्हणजे बापाची जागा भरून काढणारा कोणी नवरदेव तिथे मुळातच अभिप्रेत नाही. सृष्टीच्या आरंभी ज्या शब्दाने प्रकाश झाला, त्याच शब्दाने हा जन्म झाला, ही नवी सृष्टी आहे, असा त्याचा अर्थ ख्रिस्ती आचार्य लावतात. शिवाय देवदूत हुकूम सोडून निघून जात नाही. ती मुलगी शंका विचारते, उत्तर ऐकते, आणि मग होकार देते. तो होकार मिळेपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही.

शब्दाचाही एक घोळ आहे. यशया संदेष्ट्याच्या ज्या वचनाचा आधार मत्तय घेतो, त्यातला हिब्रू शब्द 'अल्मा' म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात त्याच्या जागी 'पार्थेनोस' आला, म्हणजे पुरुषसंग न झालेली. ह्यावरून यहुदी आणि ख्रिस्ती विद्वानांत शतकानुशतके तंटा चालला आहे. आपल्या 'कुमारी' शब्दात दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. म्हणून मराठी बायबल वाचणाऱ्याला हा तंटा जाणवतही नाही. गोव्याचे ख्रिस्ती तिला 'आंकवार मोरी' म्हणतात, तिथे मात्र अर्थ पक्का आहे.

आणखी एक गैरसमज सुशिक्षितांतही असतो, तो जाता जाता दूर करतो. 1854 साली पोप नववे पायस ह्यांनी 'निष्कलंक गर्भसंभवा'चा सिद्धान्त जाहीर केला, तो येशूच्या जन्माविषयी नाही. स्वतः मरिया आपल्या आईच्या उदरी आली तेव्हाच आदिपापापासून मुक्त होती, असे तो सांगतो. आणि प्रॉटेस्टंट तो मानीत नाहीत. कुमारीच्या पोटी ख्रिस्ताचा जन्म हा मात्र दोघांच्याही श्रद्धेचा भाग आहे. 381 सालच्या श्रद्धावचनात तो स्पष्ट घातलेला आहे. तरीही सर्वांत जुना समजला जाणारा शुभवर्तमानकार मार्क जन्मकथा सांगतच नाही, आणि पौल फक्त एवढेच लिहितो की, तो स्त्रीपासून जन्मला.

मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते मत्तयाच्या वंशावळीने. अब्राहामापासून बाप, बेटा, नातू अशी ती चालते, थेट आपल्या गावच्या पाटलाच्या वतनाच्या कागदासारखी. पण मध्येच चार बायकांची नावे किंवा खुणा येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. त्यांतल्या कुणी परक्या, तर कुणाकुणाकडे लोकांनी बोट दाखवावे अशा. आणि इतकी लांब मोजणी करून शेवटी योसेफापाशी आल्यावर लेखक सांगतो की, हा बाप नव्हेच! मग वंशावळ कशाला दिली? मी त्याचा अर्थ असा घेतो की, ज्या वारशावर राजे आणि पुरोहित आपला हक्क सांगतात तो वारसा इथपर्यंत आणायचा आणि शेवटच्या पायरीवर त्याला बाजूला ठेवायचे. हा मुलगा कोणाच्या वतनाचा नाही. योसेफाला आधी तिला गुपचूप सोडून द्यायचे होते. उघड केले असते तर तिथल्या कायद्याने तिच्यावर धोंडे पडले असते. पण तो तिला घरात घेतो आणि मुलाचे नाव ठेवतो. बाप होणे म्हणजे काय, ह्याचे उत्तर त्या सुताराने दिले आहे. ह्याच मरियेच्या तोंडी लूकने एक गाणे घातले आहे, त्यात सत्ताधीश गादीवरून खाली येतात, भुकेल्यांचे पोट भरते आणि धनवान रिकाम्या हाती परततात. हे ज्यांच्या देवळात रोज गायले जाते त्यांनी असोळण्याचा प्रकार कसा सोसला, हे मला उमगत नाही.

उपहास करणारेही तेव्हापासून होते. दुसऱ्या शतकातल्या सेल्सस नावाच्या लेखकाने तर मुलगा एका शिपायापासून झाला, अशी कंडी लिहून ठेवली. मार्कच्या ग्रंथात गावकरी येशूला 'मरियेचा पुत्र' म्हणतात. जिथे बापाच्या नावाने ओळखण्याची रीत, तिथे हे आईचे नाव टोमणा म्हणून आले असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. मला ते पटते. आमच्या वस्तीत तसा टोमणा मी पुष्कळ वेळा ऐकला आहे.

आणि दुःखाची गोष्ट अशी की, ह्या श्रद्धेच्या रक्षकांनीही तिचा उपयोग पुष्कळदा उलटा केला. मरियेचे कौमार्य एवढे उंच टांगून ठेवले की, खाली उभी असलेली प्रत्येक बाई मळकी दिसू लागली. युरोपात अविवाहित आयांची मुले त्यांच्यापासून तोडून घेण्यात आली, आणि ती घेणाऱ्या घरांच्या भिंतींवर मरियेचीच चित्रे होती. आमच्याकडे तर निराळेच: विधवेच्या पोटी मूल आले की विहीर किंवा विष. म्हणूनच 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, आणि तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा आपलासा करून त्याला यशवंत हे नाव दिले. योसेफाने केले तेच जोतीरावांनी केले, असे म्हटले तर दोन्हीकडचे लोक रागावतील. पण मी म्हणतो.

आता ते 'का' सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी भट्टीवर काम करणारी एक बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. एका शाळेत त्याचे नाव घालायचे होते. कागदावर बापाचे नाव मागितले होते आणि ते तिला सांगता येत नव्हते. "काय लिवू भाऊ?" एवढेच ती म्हणाली. मी त्या दिवशी तिला एक खोटे नाव सुचवले आणि तिने ते लिहिले. संघटनेच्या कामात मी पुष्कळ चुका केल्या, पण ही एक मला अजून टोचते. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला, बापाचे नाव उघड न करता, मुलाची पालक म्हणून मान्यता दिली. ती बाई ख्रिस्ती होती. आणि आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावापुढे लगेच आईचे नाव येते, बापाचे त्यानंतर.

त्या भट्टीवरच्या बाईचा मुलगा आता चाळिशीला आला असेल. त्याच्या कागदांवर मी सुचवलेले नाव अजून तसेच आहे.