मुंबई महानगर प्रदेश : अर्थक्षेत्राचा विस्तार आणि स्थानिक स्वराज्याची पुनर्रचना

रोजगार, बाजारपेठ आणि वाहतूक यांनी घडलेले अर्थक्षेत्र स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सीमेत क्वचितच मावते. सीमा अर्थक्षेत्राशी जुळवून घेण्याचे दोन भिन्न मार्ग मुंबईच्या इतिहासात दिसतात.

पहिला मार्ग हद्दवाढीचा होता. १९५० मध्ये उपनगरांचा मुंबई महापालिकेत समावेश झाला आणि १९५७ मध्ये तिची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. विस्तारित क्षेत्राचा कारभार एकाच निर्वाचित सभागृहाकडे राहिला.

पुढे उद्योग व वस्ती खाडीपलीकडे पसरली, तेव्हा दुसरा मार्ग अनुसरला गेला. १९७३ मध्ये प्रादेशिक योजना मंजूर झाली आणि १९७५ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. संपूर्ण प्रदेशाचा विचार करणारी ही संस्था राज्य शासनाच्या अधिपत्याखालील होती. तिला मतदारांनी थेट निवडलेले सभागृह नव्हते. त्याच काळात निर्वाचित सत्ता मात्र विभागली गेली. ठाणे (१९८२), कल्याण (१९८३), नवी मुंबई (१९९२), वसई-विरार (२००९) व पनवेल (२०१६) अशा महापालिका होत जाऊन प्रदेशात त्यांची संख्या नऊ झाली. दैनंदिन लोकल प्रवासाने एकजीव झालेल्या या क्षेत्रात मुंबईच्या वेशीवरील जकात नाके २०१७ पर्यंत टिकून होते.

या पुनर्रचनेस ग्रामीण भागातून विरोधही झाला. कल्याण-डोंबिवलीतून २००२ मध्ये वगळलेली २७ गावे २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट करण्यात आली. वसईतील गावांनीही महापालिकेत जाण्यास विरोध केला. अर्थक्षेत्र एक असले, तरी आपल्यावर कर कोणी लावावा आणि आपल्या जमिनीविषयी निर्णय कोणी घ्यावा, हे प्रश्न गावकऱ्यांच्या दृष्टीने स्वतंत्रच होते.

या पेचावरील उत्तर ७४व्या घटनादुरुस्तीत (१९९२) सापडते. दहा लाख वा अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी तिने महानगर नियोजन समितीची तरतूद केली. समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडावयाचे आहेत. तथापि प्रदेशाच्या नियोजनाची प्रत्यक्ष सूत्रे प्रामुख्याने प्राधिकरणाकडेच राहिली.

सारांश, मुंबई परिसरात प्रादेशिक नियोजनाची कक्षा अर्थक्षेत्राइतकी रुंदावली. लोकप्रतिनिधित्वाची कक्षा तितकी रुंदावली नाही. म्हणून पुनर्रचनेचे मूल्यमापन नकाशावरील सीमांइतकेच उत्तरदायित्वाच्या निकषावरही व्हावयास हवे.